सावली बाराला लहान होत नाही: पुण्यातल्या एका शाळेतलं प्रकरण

आमची मराठी माध्यमाची शाळा पुण्याच्या जुन्या भागात आहे आणि दोन अधिवेशनांत भरते. सकाळी सव्वासात ते बारा आठवी ते दहावी, दुपारी पाऊण वाजल्यापासून पाचवी ते सातवी. मधल्या पाऊण तासात फाटकापाशी रिक्षा, व्हॅन, डबे घेऊन आलेल्या आया आणि सायकलींची गर्दी असते. मैदान मात्र रिकामं असतं. या प्रकरणाचं सगळं मूळ त्या पाऊण तासात आहे, हे मला फार उशिरा कळलं.

मी सकाळच्या अधिवेशनात विज्ञान शिकवते. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात आठवीच्या एका तुकडीबरोबर खगोलाचा उपक्रम करायचं ठरवलं. चांद्रयान-३ उतरलं तो २३ ऑगस्ट २०२३ चा दिवस या मुलांना तोंडपाठ होता. विक्रम, प्रज्ञान, आदित्य-एल१, सगळी नावं यायची. प्रश्नमंजूषेत आमची मुलं मागे पडत नाहीत. पण एकदा सहज विचारलं, "आत्ता वर्गात बसून सांगा, आज सूर्य कुठल्या बाजूला उगवला?" तर निम्म्या वर्गाने फळ्याकडे बोट केलं, कारण पुस्तकातल्या नकाशात पूर्व उजवीकडे असते आणि फळा त्यांच्या उजवीकडे होता. तेव्हा ठरवलं की ग्रहांचे तक्ते आणि देणगीत मिळालेली दुर्बीण कपाटातच राहू दे. आधी अंगणातला सूर्य बघू, तोही त्याच्याकडे पाठ करून.

२० डिसेंबर

साहित्य साधं होतं. एक मीटर उंचीचा पीव्हीसी पाइप, रंगाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट ओतून त्यात उभा केलेला. असे पाच. पाच गट, प्रत्येकाला मोजपट्टी, खडू आणि मी तयार केलेला तक्ता. साडेअकरा, पावणेबारा, बारा, सव्वाबारा, साडेबारा, प्रत्येक वेळी सावलीची लांबी सेंटिमीटरमध्ये लिहायची. शेवटी प्रश्न: सावली सर्वांत लहान किती वाजता होती? वर्गात मी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो आणि सावली सर्वांत लहान होते. मलाही शाळेत तेच सांगितलं होतं.

बाराची घंटा झाली आणि मुलं घरी गेली. तक्ते शनिवारी माझ्या टेबलावर आले. चार गटांचे आकडे जवळजवळ एकसारखे होते: ९९, ९५, ९२, ९५, ९९. बाराला सर्वांत लहान, दोन्हीकडे सारखी वाढ, अगदी आरशात बघावं तशी. पाचव्या गटाचा तक्ता एका मुलीच्या अक्षरात होता: ९९, ९५, ९२, ९०.५, ९०. खाली तिने स्वतःहून आणखी एक ओळ जोडली होती, पाऊण वाजताची, ९०.५. उत्तराच्या जागी लिहिलं होतं, "साडेबाराला".

चार तक्त्यांवर मी बरोबरची खूण केली. पाचव्यावर लाल पेनने काट मारली आणि शेजारी लिहिलं, "पुन्हा मोजा. घड्याळ तपासा."

आज तो कागद समोर ठेवून हे लिहिते आहे. काट एकाच फटक्यात मारलेली आहे, जराही अडखळलेली नाही.

सोमवारी

ती मुलगी वर्गात फारशी बोलत नाही. सोमवारी तास संपल्यावर टेबलापाशी आली. हातात वर्तमानपत्राचा एक कपटा होता, पंचांगाच्या चौकटीचा. म्हणाली, "मॅडम, घड्याळ बरोबर होतं. मी ऑफिसमधल्या घड्याळाशी जुळवून घेतलं होतं." मग कपटा पुढे केला. "यात सूर्योदय सात वाजून दोन मिनिटं आणि सूर्यास्त सहा वाजून तीन मिनिटं लिहिलाय. याचा मध्य बारा येतच नाही. साडेबाराच येतो."

मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. ७.०२ ते १८.०३ म्हणजे अकरा तास एक मिनिट. त्याचं अर्धं साडेपाच तास. सातला दोन मिनिटं अधिक साडेपाच तास, म्हणजे बारा वाजून बत्तीस मिनिटं. तिचा सर्वांत लहान आकडा साडेबाराचा होता.

तिला विचारलं, "तू साडेबाराला मैदानावर कशी होतीस?" तिचा धाकटा भाऊ पाचवीत आहे. तो दुपारच्या अधिवेशनाला येईपर्यंत ती रोज थांबते, त्याला वर्गात सोडते आणि मग घरी जाते. त्या दिवशी थांबायचंच होतं, म्हणून मोजत बसली.

आणि बाकीचे चार गट? तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते बाराला घरी गेले होते. सव्वाबारा आणि साडेबाराचे आकडे त्यांनी मोजलेच नव्हते. पावणेबारा आणि साडेअकराचे आकडे उलटे उतरवले होते. मी आधीच सांगितलेल्या उत्तराभोवती त्यांनी एक सुबक तक्ता विणला होता आणि मी त्याला गुण दिले होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात आधी माझी चूक सांगितली: बरोबर उत्तरावर काट मारली आणि न मोजलेल्या आकड्यांवर खूण केली. वर्ग चिडीचूप. मग विचारलं, साडेबाराला कोण कोण मैदानावर होतं? बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, थांबलो असतो तर व्हॅन गेली असती. आणि रकाने तर भरायचेच होते."

त्या वाक्याने मला फार अस्वस्थ केलं. ज्या वेळी मुलं शाळेत असूच शकत नाहीत त्या वेळेची नोंद माझ्या तक्त्याने मागितली होती. रकाना रिकामा ठेवला तर गुण जाणार हे त्यांना पहिलीपासून पक्कं ठाऊक आहे. खोटं त्यांनी लिहिलं खरं, पण त्याची जागा मी आखून दिली होती. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक तक्त्यावर "मोजलं नाही" असं लिहायची मुभा आहे आणि त्याचे गुण कापले जात नाहीत.

मग बत्तीस मिनिटं कुठून आली?

उत्तर मुलांच्या दप्तरातच होतं. आठवीच्या भूगोलात स्थानिक वेळ आणि प्रमाण वेळ यांवर धडा आहे. तो मुलांचा झाला होता, माझा मात्र विज्ञानाच्या तासाशी जोडायचा राहिला होता. भारताची प्रमाण वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२ अंश ३० मिनिटं पूर्व रेखावृत्तावरून ठरते. पुणे ७३ अंश ५१ मिनिटांवर. फरक साधारण ८.६५ अंशांचा, आणि एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे जवळजवळ पस्तीस मिनिटं. आपलं घड्याळ मिर्झापूरचं आहे, सावली पुण्याची. मुख्याध्यापक सरांनी यात एक चांगली भर घातली. मुंबईत १९५५ पर्यंत प्रमाण वेळेच्या ३९ मिनिटं मागे असलेला मुंबई टाइम चालायचा, हे त्यांनी मुलांना सांगितलं. शहराला आपापली दुपार असते, ही गोष्ट त्यामुळे मुलांना एकदम जवळची वाटली.

पण पस्तीस आणि बत्तीस यांत तीन मिनिटांचा फरक उरतोच. वर्गातल्या दोघांनी तो लगेच पकडला. मी म्हटलं, हा फरक आत्ता समजावत नाही, जानेवारीत पुन्हा मोजू आणि मग बघू.

काठी, ओळंबा आणि वर्तुळ

जानेवारीसाठी सगळं नव्याने करावं लागलं. पहिला दोष पाइपांचा होता. सिमेंट वाळताना दोन पाइप कलले होते आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. एका मुलाचे वडील गवंडी आहेत. तो घरून ओळंबा घेऊन आला. पाइपाच्या दोन बाजूंनी दोरी धरून त्याने पाइप सरळ केला, तेव्हा बघणाऱ्यांत मीही होते. जमीन सपाट आहे का हेही त्यानेच पाण्याच्या नळीने तपासलं. मैदानाचा जो कोपरा आम्ही आधी निवडला होता तो गटाराकडे चांगलाच उतरता निघाला, तेव्हा कबड्डीच्या आखणीशेजारची जागा घेतली.

दुसरी अडचण सावलीच्या टोकाची. सूर्य म्हणजे ठिपका नाही, आकाशात त्याची थाळी अर्ध्या अंशाची दिसते, त्यामुळे मीटरभर उंच काठीच्या सावलीचं टोक सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर धूसर होतं. माध्यान्हीच्या, म्हणजे सावली सर्वांत लहान होते त्या क्षणाच्या आसपास तर अर्ध्या तासात सावली अर्ध्या सेंटिमीटरने बदलते. मग सर्वांत लहान सावलीचा क्षण धुसर टोकावरून कसा ठरवणार? यावर दोन उपाय केले. पाइपाच्या टोकाला उभा पुठ्ठा लावला आणि बरोबर एक मीटर उंचीवर त्याला बारीक छिद्र पाडलं. सावलीच्या मधोमध उजेडाचा एक लंबगोल ठिपका पडला. एका मुलीने तळहात त्याच्याखाली धरला, हात थोडा तिरका केला तसा ठिपका गोल झाला. "मॅडम, हा उजेड नाही, हा सूर्यच आहे, छोटा!" हे तिचे शब्द, आणि ते अक्षरशः खरे आहेत. छिद्रातून पडणारी ती सूर्याची प्रतिमाच असते. त्यानंतर अर्धा तास हातावर सूर्य झेलायला रांग लागली होती. मी ती मोडली नाही.

दुसरा उपाय माझ्या ओळखीच्या एका जुन्या आकाशनिरीक्षकांनी सुचवला, आणि तो कात्यायनाच्या शुल्बसूत्राइतका, म्हणजे यज्ञवेदी आखण्याच्या प्राचीन भूमितीइतका जुना आहे. जमिनीत शंकू, म्हणजे काठी रोवायची आणि तिच्याभोवती वर्तुळ काढायचं. सकाळी सावलीचं टोक आत येताना वर्तुळाला जिथे शिवतं तिथे खूण, दुपारी बाहेर जाताना शिवतं तिथे दुसरी. जुन्या लोकांनी यातून दिशा काढल्या. आम्ही दोन्ही वेळा लिहायच्या आणि त्यांचा मध्य काढायचा. माध्यान्हीला मैदानावर कुणी असायची गरजच नाही!

दोरी काठीएवढी, एक मीटरची घेतली. जानेवारीच्या मध्याला सावली काठीएवढी होते ती सकाळी सव्वाअकराच्या सुमारास आणि दुपारी दोनच्या पुढे. म्हणजे पहिली खूण सकाळच्या अधिवेशनात आणि दुसरी दुपारच्या. एकच प्रयोग, पण आठवीने सुरू करायचा आणि सातवीने पुरा करायचा. दुपारच्या भूगोलाच्या मॅडमना मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "एवढंच ना? पाठवते की चार मुलं."

१५ जानेवारीला आठवीने ठिपका वर्तुळावर आला तेव्हा खडूने रेघ मारून लिहिलं, "११.१८. पुसू नका. दुपारी इथे उलट्या बाजूला बघा." दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघितलं तर पलीकडे लिहिलेलं होतं: "आमचं २.०९. तुमचं अक्षर वाचता येत नाही."

११.१८ आणि १४.०९ यांचा मध्य १२ वाजून साडेत्रेचाळीस मिनिटं. त्या तारखेला पुण्याची माध्यान्ह १२.४४ ला होते. रंगाच्या डब्यातल्या पाइपाने, एकमेकांना कधीही न भेटलेल्या दोन वर्गांनी, अर्ध्या मिनिटाच्या फरकाने ती पकडली होती. मला त्या दिवशी झालेला आनंद शब्दांत सांगता येणार नाही.

संक्रांतीचा वाद

आदल्याच दिवशी संक्रांत झाली होती. वर्गात तिळगूळ वाटून झाला होता आणि "आजपासून उत्तरायण, दिवस तिळातिळानं मोठा होणार" हे प्रत्येकाने घरी ऐकलेलं होतं. पण आमच्या नोंदींत २० डिसेंबरची माध्यान्हीची सावली ९० सेंटिमीटर होती आणि १५ जानेवारीची ८३. सावली सात सेंटिमीटर आधीच आखडली होती, म्हणजे सूर्य उत्तरेकडे वळून तीन आठवडे उलटले होते. एकाने विचारलं, "म्हणजे आजी खोटं सांगते?"

इथे शिक्षकाने जपून पाऊल टाकायला हवं, असं माझं मत आहे. आजीला खोटं पाडून खगोलशास्त्र शिकवता येत नाही आणि शिकवूही नये. मी सांगितलं, आजी सांगते ते एके काळी आकाशाशी जुळत होतं. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो, साधारण ७२ वर्षांत एक अंश. मकर राशीत सूर्य जाण्याची वेळ ताऱ्यांवरून धरली, तर ती उत्तरायणाच्या खऱ्या सुरुवातीपासून दर शतकात दीडेक दिवस पुढे सरकते. ताऱ्यांवरून मोजायचं की ऋतूंवरून, निरयन की सायन, हा वाद पुण्याला नवा नाही. शं. बा. दीक्षितांनी १८९६ साली भारतीय ज्योतिषशास्त्राच्या आपल्या ग्रंथात त्याची सविस्तर चर्चा केली आहे. मुलांनी ठरवलं की तिळगूळ संक्रांतीलाच खायचा आणि उत्तरायण वहीत २१ डिसेंबरला लिहायचं. मला हे पटलं.

पण त्याहून चांगला प्रश्न त्याच मुलीने विचारला, जिच्या तक्त्यावर मी काट मारली होती. "दिवस मोठा होतोय तर सकाळी शाळेत येताना डिसेंबरपेक्षा जास्त अंधार का असतो?" सकाळच्या अधिवेशनातल्या मुलालाच पडावा असा हा प्रश्न. कपाटं पुन्हा उघडली, वर्तमानपत्रं निघाली. सूर्योदय ७.०२ वरून ७.१० वर गेला होता, सूर्यास्त ६.०३ वरून ६.१८ वर. सकाळी आठ मिनिटं गेली, संध्याकाळी पंधरा आली, निव्वळ वाढ सात. सगळा दिवसच बारा मिनिटांनी उशिराकडे सरकला होता. माध्यान्हही १२.३२ वरून १२.४४ वर. डिसेंबरात उरलेल्या तीन मिनिटांचा फरक आता उलट्या बाजूला नऊ झाला होता.

मग मी कारण सांगितलं, पण पूर्ण नाही. पृथ्वीची कक्षा थोडी लंबवर्तुळाकार आहे. जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर असते, तेव्हा तिचा वेग जास्त असतो. त्यातच अक्ष कललेला आहे. या दोहोंमुळे खरी माध्यान्ह घड्याळाच्या मागेपुढे होत राहते. पुण्यात नोव्हेंबरच्या आरंभी ती १२.१८ ला, तर फेब्रुवारीच्या मध्याला १२.४९ ला होते. सर्वांत जवळ असताना थंडी कशी, यावर पुढचा सगळा तास गेला. अक्ष कललेला असल्याचा परिणाम मी आकृतीने समजवायचा प्रयत्न केला आणि तो बहुतेकांना समजला नाही. आठवीला तो समजायला हवाच असा माझा हट्टही नाही. फरक आहे आणि तो त्यांनी स्वतः मोजला आहे, एवढं हाती असलं की कारण दहावीनंतरही भेटेल.

काय टिकलं, काय नाही

२० मार्चला, विषुवदिनी, म्हणजे सूर्य विषुववृत्तावर असताना, माध्यान्हीची सावली साडेतेहतीस सेंटिमीटर भरली. मुलांना त्रिकोणमिती येत नाही, म्हणून वहीत काठीसाठी दहा सेंटिमीटर आणि सावलीसाठी ३.३५ सेंटिमीटर घेऊन काटकोन त्रिकोण काढला आणि वरचा कोन कोनमापकाने मोजला. साडेअठरा अंशांच्या आसपास. नकाशासंग्रहात पुण्याचं अक्षवृत्त बघितलं: १८ अंश ३१ मिनिटं. एका काठीने आपण पृथ्वीवर कुठे आहोत हे कळलं, यावर वर्गात टाळ्या पडल्या. त्या मी सांगितलेल्या नव्हत्या.

तरी वार्षिक परीक्षेत "सावली सर्वांत लहान केव्हा असते?" या प्रश्नाला आठवीतल्या काही मुलांनी "दुपारी १२ वाजता" असंच लिहिलं. त्यांतला एक जण वर्तुळावर खूण करणाऱ्यांपैकी होता. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, पेपरात बारा लिहायचं असतं ना?" मैदानावरचं ज्ञान आणि पेपरातलं ज्ञान या त्याच्या मनात दोन वेगळ्या खोल्या आहेत. त्यामधलं दार अजून उघडलेलं नाही, आणि ते कसं उघडायचं याच्या मी शोधात आहे. पुढच्या वर्षी पेपरात सावलीच्या नोंदींचा तक्ताच द्यायचा आणि त्यावरून उत्तर काढायला सांगायचं, एवढं ठरवलं आहे.

हे लिहिते आहे तेव्हा एप्रिल संपत आला आहे. सूर्य खरोखर डोक्यावर येण्याचा पुण्यातला दिवस १३ मे. जुलैच्या अखेरीला तो पुन्हा येतो, पण तेव्हा ढगांतून सूर्य दिसेल याची खात्री नाही, आणि मेमध्ये शाळेला सुट्टी. तरीही सात मुलांनी शिपाईकाकांना सांगून ठेवलंय की फाटक साडेअकराला उघडा. त्यांच्यात सकाळच्या अधिवेशनातली चौघं आहेत आणि दुपारच्या अधिवेशनातली तिघं. १३ की १४, यावर त्यांचं भांडण चालू आहे, कारण दोन्ही दिवशी सावली काही मिलिमीटरच असणार. वेळ मात्र त्यांनी काढून ठेवली आहे आणि वर्तुळाशेजारी पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलीही आहे: १२.३१.